हप्ता नेमका कुठे अडला?

वाचकांचे प्रश्न : शेती अनुदान आणि सरकारी मदत

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे मराठवाड्यातली आहेत आणि जवळपास प्रत्येक पत्रासोबत पासबुकाच्या पानाची झेरॉक्स जोडलेली आहे. "पैसे सुटले असे ऐकले, पण खात्यावर पडले नाहीत," हे वाक्य थोड्याफार फरकाने सगळ्यांनी लिहिले आहे. कधी निधीच आलेला नसतो, हे खरे आहे. परंतु या पत्रांतल्या बऱ्याच प्रकरणांत पैसा शेतकऱ्याच्या तीन नोंदींपैकी एकीवर अडलेला दिसतो. जमिनीची नोंद महसूल खात्याकडे, माणसाची नोंद आधारमध्ये आणि खात्याची नोंद बँकेत असते. या तिन्ही एकमेकींशी जुळल्या नाहीत की रक्कम थांबते, आणि ती कोणत्या नोंदीमुळे थांबली हे शेतकऱ्याला कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून या अंकात प्रश्न मोजके घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे. २०१९ पासून पीएम किसानचे हप्ते नियमित येत होते. गेल्या वर्षापासून ना केंद्राचे दोन हजार आले, ना राज्याचे. तलाठी, कृषी कार्यालय आणि बँक अशा तिन्ही ठिकाणी तीन-तीन चकरा झाल्या. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माझ्याकडून बदल एवढाच झाला की, मुलीच्या फीसाठी मध्ये दुसऱ्या एका बँकेत खाते उघडले. आता कोणाकडे जावे?
(एक शेतकरी, औसा तालुका, जि. लातूर)

उत्तर : आपल्याला तिन्ही ठिकाणी फिरावे लागले यात आपली चूक नाही, कारण तिन्ही ठिकाणी एकेक काम खरोखरच आहे. कोणाकडे कोणते काम आहे हे आधी कोणी सांगितले असते, तर नऊ चकरांऐवजी एक-दोन पुरल्या असत्या.

सुरुवात पीएम किसानच्या संकेतस्थळावरून करावी. तेथे नोंदणी क्रमांक टाकून लाभार्थी स्थिती उघडली, की जमिनीची नोंद जोडली आहे का, ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी) झाली आहे का आणि आधार बँक खात्याशी संलग्न आहे का, या तीन गोष्टींपुढे 'होय' किंवा 'नाही' असे दिसते. सेतू केंद्रात हे पान काढून त्याची छापील प्रत जवळ ठेवावी, कारण प्रत हातात असली की समोरच्याला मोघम उत्तर देता येत नाही. जमिनीच्या नोंदीपुढे 'नाही' असेल तर सातबारा आणि आठ अ घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जावे. सातबाऱ्यावरच नाव चुकलेले असेल तर मात्र आधी तलाठ्याकडे जावे लागते. ई-केवायसीपुढे 'नाही' असेल तर ते काम मोबाइलवरच्या ओटीपीने, सेतू केंद्रात अंगठा देऊन किंवा योजनेच्या ॲपवर चेहरा दाखवून होते. आधारपुढे 'नाही' असेल तर ते काम फक्त बँकेचे आहे.

तिन्हींपुढे 'होय' असेल आणि हप्ते जमा झाल्याचेही दिसत असेल, तर मुलीच्या फीसाठी उघडलेल्या खात्याचे पासबुक आजच भरून आणावे. आपले पैसे तेथे पडून असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. हे हप्ते आधार क्रमांकाच्या आधारे पाठवले जातात आणि एका आधारापुढे एकाच वेळी एकच बँक नोंदलेली राहते. नवे खाते उघडताना भरलेल्या कागदांत 'सरकारी अनुदान याच खात्यात यावे' अशी संमती असते. आपण सही केली, की जुन्या बँकेची जागा नवी बँक घेते. जुन्या खात्याला आधार जोडलेले असूनही तेथे पैसे येत नाहीत, कारण आधार जोडणे आणि अनुदानासाठी तेच खाते ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सध्या कोणती बँक नोंदलेली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्थिती या ठिकाणी दिसते. जुनेच खाते ठेवायचे असेल तर त्या बँकेत तसा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

केंद्राबरोबर राज्याचा हप्ताही थांबला, यात वेगळी चूक शोधू नये. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथून वितरित झाला. ही योजना पीएम किसानच्या पात्र यादीवरच चालते. त्यामुळे वर्षाचे सहा अधिक सहा असे बारा हजार रुपये एकाच गाठीला बांधलेले आहेत. अपात्रतेखेरीज दुसऱ्या कारणाने अडलेले हप्ते त्रुटी दूर झाल्यावर मिळतात, म्हणून गेले ते गेले असे समजून सोडून देऊ नये. पीएम किसानचा मदत क्रमांक १५५२६१ आहे.

ई-केवायसीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण यावर अनेकींची पत्रे आहेत. सेलू तालुक्यातल्या एका गावी शिबिरात बसलो असताना साठीच्या एका बाईंचा अंगठा यंत्र घेईना. कापसाचे दिवस होते. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांनी त्यांची बोटे टोकांशी चिरलेली होती आणि रेषा घासून गेल्या होत्या. केंद्रचालकाने साबणाने हात धुवायला लावले, खोबरेल लावून पुसायला लावले, दहाही बोटे एकेक करून ठेवून पाहिली. शेवटी कोणीतरी ॲपवर चेहरा घेतला. पापण्या मिटून उघडा असे सांगितले आणि अर्ध्या मिनिटात काम झाले. त्या त्याआधी तीन वेळा परत गेल्या होत्या. ज्यांची बोटे कष्टाने झिजली आहेत त्यांनाच बोटांच्या ठशासाठी परत पाठवले जाते, हे मला फार लागते. चेहऱ्याची सोय २०२३ पासून उपलब्ध आहे. केंद्रात ती मागून घ्यावी.

प्रश्न : माझे यजमान दीड वर्षापूर्वी आजाराने वारले. दोन हेक्टर जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. पदरी दोन लहान मुले आणि घरी सासूबाई आहेत. यजमानांच्या खात्यावर हप्ता अजून येतो. दीर म्हणतात, "येतो आहे तोवर गप्प राहा, नाव बदलायला गेलात तर तोही बंद होईल." मी काय करावे?
(एक भगिनी, गंगाखेड तालुका, जि. परभणी)

उत्तर : ताई, दिरांचा सल्ला मानू नये. निधनानंतर जमा झालेले हप्ते परत करावे लागतात, आणि जितका उशीर होईल तितकी परतफेडीची रक्कम वाढत जाते. त्या खात्यातून एटीएमने पैसे काढू नयेत. मृत्यूचा दाखला बँकेत आणि तालुका कृषी कार्यालयात देऊन निधनाची माहिती लेखी कळवावी.

यापेक्षा मोठे कारण जमिनीचे आहे. सातबाऱ्यावर वारस लागल्याशिवाय आपल्याला हप्ता, पीक कर्ज, पीक विमा, अतिवृष्टीची मदत यांपैकी काहीही स्वतःच्या नावाने मिळणार नाही. दीड वर्ष झाले, आता आणखी एक हंगाम जाऊ देऊ नये. वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे आणि वय, नाते दाखवणारे प्रतिज्ञापत्र आणि रेशन कार्डाची प्रत जोडावी. जमीन यजमानांच्या हिश्श्याची असल्यास हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आपण, दोन्ही मुले (मुलगी असेल तर तीही मुलाइतकीच) आणि सासूबाई असे वारस होतात. दीर त्यात येत नाहीत. तलाठी वारस नोंदवहीत नोंद घेऊन फेरफार (हक्कबदलाची नोंद) धरतात, हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मुले अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असल्याने त्यांच्या नावांपुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आपले नाव लागेल. ते लागले आहे का, हे सातबारा हातात आल्यावर नीट पाहावे. मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी शासनाने एप्रिल २०२५ पासून जिवंत सातबारा ही मोहीम राज्यभर राबवली आहे. आपल्या अर्जात तिचा उल्लेख जरूर करावा.

वारस लागल्यावर आपल्या नावाने शेतकरी ओळख क्रमांक काढावा, म्हणजे ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात तो, आणि मग पीएम किसानची नवी नोंदणी करावी. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेल्यांना लाभ मिळत नाही असे आपल्याला सांगितले जाईल. तो नियम खरेदी किंवा बक्षीसपत्राने आलेल्या जमिनीला लागतो. खातेदाराच्या निधनामुळे वारसाने आलेली जमीन त्यातून वगळलेली आहे, म्हणून वारसाच्या फेरफाराची नक्कल अर्जाला जोडायला विसरू नये. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले एवढेच धरतात. त्यामुळे आपण आणि मुले मिळून एक कुटुंब झालात, तर सासूबाईंचे नाव सातबाऱ्यावर लागल्यावर त्यांचा अर्ज स्वतंत्र होऊ शकतो.

एक विनंती आहे. या काळात हक्कसोडपत्रावर सही करा असे कोणी म्हटले, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

इतर वाचकांसाठी नोंद : मृत्यू अपघाताने, सर्पदंशाने किंवा वीज पडून झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख रुपये मिळतात. त्याचा अर्ज लवकर द्यावा लागतो, आणि दुःखाच्या दिवसांत नेमके हेच राहून जाते. शेजाऱ्या-पाजाऱ्यांनी आठवण करून द्यावी.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमचे चार एकर सोयाबीन पूर्ण गेले. हेक्टरी १८,५०० रुपये मिळणार असे बातम्यांत सांगितले होते. माझ्या खात्यावर फक्त ६,८०० रुपये आले आणि तेही बँकेने होल्ड करून ठेवले आहेत. सातबारा भावाच्या आणि माझ्या नावावर सामाईक आहे. भाऊ पुण्यात कामाला असतो, शेती मीच करतो.
(एक शेतकरी, परंडा तालुका, जि. धाराशिव)

उत्तर : आपल्या रकमेचा हिशेब आधी लावू. आपले चार एकर म्हणजे सुमारे १ हेक्टर ६० आर. आपत्ती मदतीच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये दर आहे (बागायत पिकाला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५००). या दराने १.६० हेक्टरचे १३,६०० रुपये होतात आणि ६,८०० ही त्याची बरोबर निम्मी रक्कम आहे. म्हणजे यादीत आपल्या नावावर ०.८० हेक्टर धरले गेले आहे. सामाईक क्षेत्र दोन नावांत वाटले गेले आणि भावाचा अर्धा भाग त्यांच्या नावावर पडून आहे, असे मानायला जागा आहे.

बातम्यांतला १८,५०० चा आकडा दोन रकमा मिळून झालेला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात नुकसानीच्या ८,५०० रुपयांवर रब्बीच्या बियाण्यासाठी व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपये जास्तीचे धरले होते आणि मर्यादा तीन हेक्टरची ठेवली होती. या दोन्ही रकमा स्वतंत्र शीर्षांखाली आणि वेगवेगळ्या वेळी जमा होतात. आपल्या पूर्ण क्षेत्राला दोन्ही धरून १३,६०० अधिक १६,००० म्हणजे २९,६०० रुपये बसतात. त्यापैकी आपल्या हातात अद्याप एक रुपयाही नाही, हे लिहिताना वाईट वाटते.

आता मार्ग सांगतो. तहसील कार्यालयात किंवा तलाठ्याकडे आपल्या गावाची यादी मागावी आणि आपल्या नावापुढचे क्षेत्र, गट क्रमांक आणि व्हीके नंबर (यादीतला विशिष्ट क्रमांक) स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावा. भावाचे नाव यादीत असेल, तर त्यांची रक्कम त्यांच्याच आधार संलग्न खात्यावर येईल. त्यांचा ओळख क्रमांक निघालेला नसेल तर त्यांना ई-केवायसी करावी लागेल आणि ती पुण्यातही करता येते. सगळी रक्कम आपल्या एकट्याच्या नावावर घ्यायची असेल तर भावाचे संमतीपत्र लागते. रक्कम वाटप होण्यापूर्वी ते दिले तरच उपयोगी पडते. यादीत क्षेत्रच कमी लागले असेल, तर पंचनाम्याची नक्कल मागावी. पंचनाम्यावर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या सह्या असतात (या तिन्ही पदांची नावे अलीकडे बदलली आहेत, पण गावात अजून जुनीच चालतात). त्याच्याशी ई-पीक पाहणीतले क्षेत्र ताडून पाहावे. पीक पाहणीत सोयाबीन ०.८० वरच नोंदले गेले असेल, तर चूक तेथे आहे.

होल्ड थकीत कर्जापोटी लावला असावा असे धरून मी स्पष्ट लिहितो. मदतीच्या रकमेतून कोणतीही वसुली करू नये आणि ती कर्जखात्याला वळती करू नये, असे निर्देश मदतीच्या शासन निर्णयांतच दिलेले असतात. तो शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून काढून, संबंधित ओळीखाली रेघ मारून, शाखा व्यवस्थापकांच्या नावाने लेखी अर्जासोबत द्यावा. तोंडी बोलून "वरून आदेश आहे" यापलीकडे उत्तर मिळत नाही. अर्जावर आवक शिक्का घ्यावा. आठ दिवसांत होल्ड उठला नाही तर जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात त्याच अर्जाची प्रत द्यावी. पुरात माती वाहून गेलेल्या माणसाच्या हातून ६,८०० रुपये अडवून कोणत्याही बँकेचे थकीत कर्ज फिटत नाही.

प्रश्न : अतिवृष्टीचे अनुदान मिळाले म्हणून आता पीक विमा मिळणार नाही, असे गावात बोलले जाते. आणि ७२ तासांत तक्रार करूनही या वर्षी कोणी पाहणीला आले नाही.
(एक वाचक, केज तालुका, जि. बीड)

उत्तर : पहिली गोष्ट चुकीची आहे. अनुदान ही सरकारची मदत आहे, तर विमा हा आपण हप्ता भरून घेतलेला करार आहे. एक मिळाले म्हणून दुसरे बुडत नाही.

दुसऱ्या गोष्टीचे उत्तर मात्र कडू आहे. खरीप २०२३ पासून सुरू असलेला एक रुपयातला विमा खरीप २०२५ पासून बंद झाला. शेतकऱ्याला पुन्हा विमा संरक्षित रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता भरावा लागतो. त्याच वेळी राज्याने स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणे आणि काढणीनंतरचे नुकसान ही जास्तीची कलमे काढून टाकली. आता भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगाच्या, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या, उत्पादनावर ठरते, म्हणून २०२५ च्या खरिपातल्या तक्रारीवर कोणी पाहणीला येण्याची तरतूदच उरलेली नव्हती.

हिशेब असा असतो. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तराने, म्हणजे ७० टक्क्यांनी गुणतात. ते उंबरठा उत्पादन होय. समजा आपल्या महसूल मंडळाचे सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १,००० किलो आहे आणि प्रयोगांत ७०० किलो निघाले. तूट ३० टक्के झाली; विमा संरक्षित रक्कम ५०,००० असेल तर हेक्टरी १५,००० रुपये मिळतील, आणि ते मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला सारखेच. आपल्या एकट्याच्या वावरात काय राहिले, हे त्यात धरले जात नाही. नदीकाठच्या चार गावांचे पीक वाहून गेले आणि माळावरच्या गावांचे तगले, तर नदीकाठच्यांचे नुकसान सरासरीत विरघळते. हा बदल मला अन्यायाचा वाटतो. मराठवाड्यात एकाच मंडळात एका शिवारात ढगफुटी आणि दुसऱ्यात उघडीप असते, हे येथे शेती करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. हा नियम बदलेपर्यंत गावाने एवढे करावे : पीक कापणी प्रयोगाची तारीख आणि गट क्रमांक आधी माहीत करून घ्यावा, त्या दिवशी चार जाणत्या शेतकऱ्यांनी समोर उभे राहावे आणि वजन डोळ्यांदेखत लिहून घ्यावे.

प्रश्न : मोसंबीच्या बागेला ठिबक बसवले. ८० टक्के अनुदान मिळेल असे दुकानदाराने सांगितले होते. बिल मोठे झाले, पण कृषी कार्यालय म्हणते पूर्वसंमतीच्या आधीचे बिल चालत नाही.
(एक बागायतदार, अंबड तालुका, जि. जालना)

उत्तर : कार्यालयाचे म्हणणे नियमाला धरून आहे. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, निवड, कागदपत्रे, पूर्वसंमती, मग नोंदणीकृत विक्रेत्याकडून खरेदी, बिल अपलोड आणि मोका तपासणी (शेतावर येऊन केलेली पाहणी), हा क्रम मोडला की अनुदान जाते. ८० टक्क्यांचेही नीट समजून घ्यावे. अल्प व अत्यल्प भूधारकांना प्रति थेंब अधिक पीक योजनेतून ५५ टक्के आणि मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक २५ टक्के मिळतात. इतरांना ४५ अधिक ३० म्हणजे ७५ टक्के. हे टक्के शासनाने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर काढतात, आपल्या बिलावर काढत नाहीत. त्यामुळे दुकानदाराने भारी नळी दिली असेल, तर वरचा फरक आपल्याच खिशातून जातो. बागेच्या उरलेल्या क्षेत्राला अजून ठिबक बसवायचे असेल तर त्यासाठी आता अर्ज करावा. निवड सोडतीऐवजी अर्जाच्या क्रमाने होऊ लागली आहे, त्यामुळे थांबू नये.

प्रश्न : पत्नीच्या नावावर जमीन आहे. लाडक्या बहिणीचे तिला १,५०० ऐवजी ५०० रुपयेच का येतात?
(एक वाचक, मुखेड तालुका, जि. नांदेड)

उत्तर : त्यांना पीएम किसान आणि नमो मिळून वर्षाला १२,००० म्हणजे महिन्याला १,००० रुपये मिळतात, म्हणून फरकाचे ५०० दिले जातात. त्यात चूक नाही. शेतीचे हप्ते थांबलेले असतील आणि तरीही ५००च येत असतील, तर मात्र लेखी तक्रार करावी.

प्रश्न : आयकर भरता म्हणून पीएम किसानचे पैसे परत करा, अशी नोटीस आली आहे. मी कधीही कर भरला नाही. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी एजंटाने रिटर्न भरून दिले होते, तेवढेच.
(एक शेतकरी, गेवराई तालुका, जि. बीड)

उत्तर : नियमात 'मागील मूल्यांकन वर्षात आयकर भरलेली व्यक्ती' असे शब्द आहेत. शून्य कराचे रिटर्न दाखल करणे म्हणजे कर भरणे नव्हे. त्या रिटर्नची प्रत आणि देय कर शून्य असल्याचे दाखवणारे पान जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी खुलासा द्यावा आणि पोच घ्यावी. मात्र प्रत आधी स्वतः वाचून पाहावी. कर्ज मिळावे म्हणून एजंटाने उत्पन्न फुगवून त्यावर थोडा कर भरलेला असू शकतो. तसे असेल तर त्या काळातले हप्ते परत करावे लागतील. परतफेड संकेतस्थळावरून करता येते. पावती कायम जपावी. पत्नी शासकीय नोकरीत असेल किंवा घरातल्या कोणाला निवृत्तिवेतन दरमहा दहा हजार रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तरीही कुटुंब अपात्र ठरते; चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना त्यातून सूट आहे.

प्रश्न : मी दहा वर्षांपासून दुसऱ्याची पाच एकर जमीन बटईने करतो. बी, खत, फवारणी यांत निम्मा खर्च माझा. पूर आला तेव्हा मदत मालकाच्या खात्यावर गेली. मालक औरंगाबादला राहतात, माणूस चांगला आहे, पण त्यांनी फक्त हजार रुपये दिले. माझा काहीच हक्क नाही का?
(एक बटईदार, कळमनुरी तालुका, जि. हिंगोली)

उत्तर : आलेल्या पत्रांत हे पत्र मी सर्वांत जास्त वेळा वाचले. पीएम किसान, नमो आणि अतिवृष्टीची मदत या सगळ्यांचा पाया सातबारा आहे, आणि सातबाऱ्यावर आपण कोठेही नाही. सध्याच्या नियमांत आपल्याला त्या पैशांवर दावा सांगता येत नाही. घाम ज्याचा गळला त्याच्यापर्यंत मदत पोहोचत नाही, हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा खड्डा आहे, असे माझे मत आहे, आणि मी ते संबंधितांकडे वेळोवेळी मांडत आलो आहे.

बटईचा व्यवहार लेखी करायला मालक का कचरतात, हेही आपण जाणता. मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, आणि कागद झाला की कुळाचा हक्क लागेल ही भीती दोन पिढ्यांपासून बसलेली आहे. आपल्या मालकांचा स्वभाव चांगला आहे असे आपण लिहिता, म्हणून एक मार्ग सुचवतो. भाडेकरार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला असेल, तर पीक विमा आपल्याला स्वतःच्या नावाने काढता येतो. करारात मुदत, क्षेत्र आणि पीक स्पष्ट लिहावे, आणि सरकारी मदत आली तर ती खर्चाच्या प्रमाणात वाटून घ्यायची, हे कलमही त्यातच घालावे. मालकांची शंका फिटावी म्हणून करार वकिलाकडून लिहून घ्यावा आणि त्यांना सोबत घेऊनच वकिलाकडे जावे. कर्जासाठी आपल्यासारखे चार-पाच बटईदार मिळून संयुक्त दायित्व गट करता येतो. जमीन तारण न ठेवता बँका अशा गटांना कर्ज देतात. मालकांशी बोलणी पाडव्यालाच करावीत. नव्या सालाची बटई त्याच दिवशी ठरते, आणि एकदा मृगाचा पाऊस पडला की कोणाला कागदासाठी सवड राहत नाही.